कुमारांच्या हाती कोणते अद्भुत द्यावे?

मराठी गद्य छापखान्यात शिरले, तेच मुळी अद्भुताचे बोट धरून. १८१४ साली बंगालातील श्रीरामपूर येथे मोडी टाइपात ‘सिंहासनबत्तिशी’ छापली गेली. सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या बोलतात आणि भोजराजा ऐकतो, अशी ती कथा. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या, आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ही आणली. नीतिकथा आणि वेताळ एकाच लेखकाच्या हातून, अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने मराठी मुलांच्या हाती आले. छत्र्यांना त्यात काही विसंगती वाटली असेल असे दिसत नाही.

विसंगती वाटू लागली ती पुढच्या पिढ्यांना. आजही पालकसभा आटोपली की दोन-चार पालक मागे रेंगाळतात आणि दबक्या आवाजात विचारतात, “सर, पोरगं आठवीत आहे. जादूची, भुताखेतांची पुस्तकं मागतंय. द्यावीत का? काही वावगं तर नसतं ना त्यांत?” हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा आपल्या दुभाषी मुलखात विशेष महत्त्वाचा आहे. त्याला वरवरचे उत्तर देण्याऐवजी त्याचा इतिहास पाहावा आणि मग त्यातून आजच्यासाठी काही निवडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

वास्तव आणि अद्भुत : एक जुने भांडण

बेळगावकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या ‘यमुनापर्यटन’चे लेखक बाबा पद्मनजी हे बेळगावचे. त्यांचा जन्म इथे १८३१ साली झाला. १८५७ मध्ये आलेल्या या कादंबरीचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा होता. राजा नाही, राक्षस नाही. समोर दिसते ते जग. म्हणजे मराठी कादंबरीचे पहिले पाऊल वास्तवात पडले.

परंतु दुसरे पाऊल लगेच अद्भुतात पडले. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत उतरवायला घेतल्या. राजपुत्र, हरवलेल्या राजकन्या, दुष्ट कारस्थानी, योगायोग यांनी मराठी वाचकाला असे काही झपाटले की, विधवांचे अश्रू मागे पडले.

मग विद्वानांची चर्चा सुरू झाली. काशिनाथ बापूजी मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा आपला गाजलेला निबंध लिहिला. कादंबरीतील अद्भुत आणि वास्तव यांचे नाते हा अशा चर्चांतला एक मुख्य विषय होऊन बसला. हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वास्तवाचे पारडे जड केले हे खरे, आणि मराठी साहित्याच्या दृष्टीने ते इष्टच झाले. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, ‘चांगले’ म्हणजे वास्तव आणि अद्भुत म्हणजे हलके, पोरकट, जरा संशयास्पद, असे एक समीकरण सुशिक्षित घरांतून रूढ झाले.

वाचणाऱ्या मुलांनी मात्र हे समीकरण कधीच मानले नाही. गो. ना. दातारांच्या ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ती’ या कादंबऱ्या आणि नाथमाधवांचा १९१३ चा ‘वीरधवल’ यांच्या प्रती वाचनालयांतून पाने सुटेपर्यंत फिरल्या. जत्रेतल्या पालांवर ‘हातिमताई’ आणि ‘गुलबकावली’ विकली जात राहिली. पलीकडे कन्नडातही वेगळे घडत नव्हते. आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडात नेणारे गळगनाथ स्वतः पुस्तकांचा भार वाहून गावोगाव विकत असत, ही गोष्ट धारवाड-हावेरी भागात आजही सांगतात. कथेची भूक दोन्ही भाषांत सारखीच होती आणि ती भागवणारा रस्ता याच मुलखातून जात होता.

जंगल, राजवाडा आणि नगर

अद्भुतकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य, पडका किल्ला किंवा राजवाडा उभा राहतो. इंग्रजीत अलीकडे कुमारवाचकांसाठी ‘अर्बन फॅन्टसी’ नावाचा एक प्रकार फार लोकप्रिय झाला आहे. त्यातले अद्भुत आजच्या शहरात घडते. ट्राम, बस, शाळा, चाळ, बाजार सगळे ओळखीचे. फक्त एखादे दार असे की, त्यापलीकडे नेहमीचे नियम चालत नाहीत. आपण त्याला ‘नगरातले अद्भुत’ म्हणू.

हा प्रकार वाटतो तेवढा नवा नाही. अरबी गोष्टींतला खलिफा हारून अल रशीद वेष पालटून वजिरासह रात्री बगदादच्या गल्ल्यांतून हिंडतो, आणि हमाल, कोळी, व्यापारी यांच्या घरांत त्याला नवल सापडते. हे नगरातले अद्भुतच होय. चिपळूणकरांनी ते दीडशे वर्षांपूर्वी मराठी घरांत आणून ठेवले.

इंग्लंडात ई. नेस्बिट या लेखिकेने १९०४ साली एका फिनिक्स पक्ष्याची आणि उडत्या गालिच्याची गोष्ट लिहिली. लंडनमधल्या साध्या मध्यमवर्गीय घरातली मुले, जुना गालिचा विकत आणलेला, त्यात गुंडाळलेले एक अंडे. अंड्यातून निघालेला फिनिक्स मुलांबरोबर शहरात जातो, आणि आपल्याच नावाच्या आगीच्या विमा कंपनीचे कार्यालय म्हणजे आपले देऊळ आहे, अशी त्याची समजूत होते! त्यात एकही वावगा शब्द नाही, रक्तपात नाही. आणि तरी नवल काठोकाठ भरलेले. पुढे १९९७ पासून जे. के. रोलिंगबाईंनी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर दोन फलाटांच्या मधोमध जादूच्या शाळेची गाडी उभी केली, ती याच परंपरेतली.

मराठीत मात्र एक गंमत झाली. इंग्रज लेखक रेनॉल्ड्स याची ख्याती लंडनच्या गल्लीबोळांतील रहस्यांवर उभी होती. त्याच्या कथानकांवरून दातारांसारख्या लेखकांनी ज्या मराठी कादंबऱ्या रचल्या, त्या मात्र आपल्याकडच्या संस्थानांत, किल्ल्यांत आणि भुयारांत जाऊन बसल्या. कथा देशी झाली, पण नगर हरवले. शहर पुन्हा कथेत आले ते बाबुराव अर्नाळकरांबरोबर. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे मुंबईच्या रस्त्यांवरून वावरणारे नायक. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने किती मुलांना वाचायला शिकवले, याची मोजदाद नाही. कन्नडात हेच काम एन. नरसिंहय्यांच्या ‘पत्तेदार पुरुषोत्तम’ने केले. आमच्या लहानपणी निपाणीकडच्या घरांत झुंजार आणि पुरुषोत्तम एकाच उशीखाली सापडत. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. अर्नाळकरांकडे रहस्य होते, साहस होते. खरे अद्भुत शहरात आणले ते नारायण धारप आणि जयंत नारळीकर या दोघांनी, आणि तेही अगदी विरुद्ध दिशांनी.

धारपांचा समर्थ हा अघोरी शक्तींशी सामना करणारा नायक. त्यांच्या कथांतली माणसे नोकरदार, भाड्याच्या घरात राहणारी, सहकारी सोसायटीतली. संकट येते ते त्यांच्या दिवाणखान्यात. धारपांनी इंग्रजीतल्या अनेक भयकथा मराठी मातीत रुजवल्या; ‘लुचाई’च्या मुळाशी स्टीफन किंगची कादंबरी आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाला त्यांच्याच ‘आजी’ या कथेची प्रेरणा होती.

नारळीकर आपल्या शेजारचे. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ असूनही मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या खऱ्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच त्यामागचा उद्देश. त्या कथेला पहिला क्रमांक मिळाला. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा नगरातल्या अद्भुताचा मराठीतला उत्तम नमुना म्हणून मी दाखवीन. इतिहासाचे एक प्राध्यापक पुण्याहून मुंबईला येतात, आणि जी मुंबई त्यांना दिसते ती आपली नव्हे. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. प्राध्यापक गडबडतात; पण इतिहासाचाच माणूस, तो ग्रंथालयात जातो आणि पुस्तके उलगडून पाहतो. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली ती गोळी त्या जगात चुकून गेलेली असते! पुढचा सारा इतिहास त्या एका गोळीने पालटलेला असतो. ही कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे. म्हणजे देशभरातली मुले एका मराठी कथेतले नवल इंग्रजीतून वाचतात. आपल्या मुलांना ते मूळ मराठीत वाचता येते. किती जणांना ते ठाऊक असते, हा प्रश्न मात्र आपण स्वतःलाच विचारायला हवा.

एकच चित्र, दोन लिप्या

सीमाभागातल्या माझ्या पिढीचे बालपण ‘चांदोबा’शिवाय सांगता येणार नाही. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ आवृत्त्यांनी हे मासिक सुरू केले. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली आला. कन्नड ‘चंदमामा’ त्याआधीच निघू लागला होता. विक्रमाच्या खांद्यावरचा तो लोंबता वेताळ ज्यांनी आपल्या डोळ्यांत कायमचा बसवला, ते चित्रकार शंकर २०२० मध्ये शहाण्णव वर्षांचे होऊन गेले.

या मासिकाची सीमाभागापुरती एक खास देणगी होती, जी पुण्या-मुंबईच्या मुलांना मिळाली नाही. दोन्ही भाषांतल्या आवृत्त्यांना चित्रे तीच असत. घरी मराठी अंक यायचा, शेजारच्या कन्नड घरी कन्नड. दोन्ही शेजारी ठेवले की, चित्र तेच, गोष्ट तीच, फक्त लिपी निराळी. कित्येकांना कन्नड अक्षरे अशी लागली. मास्तरांच्या छडीपेक्षा वेताळाने ती लवकर शिकवली. आणि कन्नड घरातली कित्येक मुले त्याच वाटेने मराठीत आली. भाषेच्या नावाने मोठी माणसे रस्त्यावर समोरासमोर उभी राहत होती, त्या काळात ओट्यावर हे देवाणघेवाणीचे काम बिनबोभाट चालले होते.

‘चांदोबा’ २०१३ च्या सुमारास बंद पडला. त्याची जागा कोणी घेतली नाही. ही पोकळी मोठ्यांना जाणवली नाही, कारण मोठ्यांनी ते वाचणे कधीच सोडले होते. जाणवली ती दहा-बारा वर्षांच्या मुलांना, आणि त्यांनी ती मोबाइलने भरून काढली.

‘स्वच्छ’ म्हणजे काय?

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पुस्तक स्वच्छ आहे हे कसे ओळखावे?

आपल्याकडे ‘स्वच्छ’ याचा अर्थ बहुधा एकच घेतला जातो : शृंगार नसलेले. अरबी गोष्टींचाच दाखला घ्या. कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलेले भाषांतर घराघरांत निःशंकपणे वाचले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या पाठावरून याच गोष्टी काटछाट न करता सोळा खंडांत मराठीत आणल्या. दोन्ही मोलाची कामे आहेत. पहिले कुमारांच्या हाती द्यावे आणि दुसरे त्यांनी प्रौढ झाल्यावर स्वतः शोधावे. इतपत विवेक पुरेसा आहे. त्यासाठी अख्खे अद्भुत कुलूपबंद करण्याची गरज नाही.

परंतु शृंगार नसला की पुस्तक स्वच्छ झाले, असेही समजू नये. आमच्या पिढीने ज्या ‘सोज्ज्वळ’ साहसकथा वाचल्या, त्यांत खलनायक ओळखायचा तो कसा? तो काळा असे, कुबडा असे, एका डोळ्याने आंधळा असे. कधी विशिष्ट जातीचा, कधी परभाषी. स्त्री एक तर पळवून नेण्यासाठी, नाही तर चेटूक करण्यासाठी. यात एकही अश्लील शब्द नव्हता, तरी मुलाच्या मनावर मळ बसत होता. सीमाभागात तर हे अधिक जपायला हवे. ज्या पुस्तकात शेजारच्या भाषेचा माणूस केवळ हास्यास्पद किंवा दुष्ट म्हणून येतो, ते पुस्तक माझ्या शाळेच्या कपाटात मी स्वच्छ म्हणून ठेवणार नाही. मग ते कोणत्याही भाषेतले असो.

पुस्तक हाती देण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, त्यातल्या जादूला काही नियम आहे का? वेताळाची गोष्ट पाहा. राजाने उत्तर जाणूनही गप्प राहिले तर डोके फुटणार, आणि बोलले तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर जाणार. शक्तीला किंमत आहे, कृतीला परिणाम आहे. ज्या कथेत नायकाला सारे फुकट मिळते, ती मुलाला आळशी करते. दुसरी, क्रौर्य चवीने वर्णिले आहे का? कथेत मृत्यू असायला हरकत नाही, आपल्या सगळ्या पुराणकथांत तो आहे. पण वेदनेची मजा घ्यायला लावणारे लेखन निराळे, आणि ते दोन पानांतच ओळखू येते. तिसरी, पुस्तक मिटल्यावर मुलाला काही विचारावेसे वाटते का? वेताळाची प्रत्येक गोष्ट प्रश्नावर संपते : यांतला अधिक थोर कोण? आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा. एरवी तोंड न उघडणारी मुले हमरीतुमरीवर येतात, आणि तीही मराठीत.

अंधश्रद्धेची भीती

काही जागरूक पालकांचा आक्षेप निराळा असतो. जादू, भूत, मंतरलेले ताईत वाचून मुले अंधश्रद्धाळू होतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करणी, भानामती, गुप्तधन यांच्या नावाने आपल्या भागात आजही माणसे नागवली जातात. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आला, आणि कर्नाटकातही २०१७ मध्ये अशा अमानुष प्रथांविरुद्ध कायदा झाला.

पण कथेतले अद्भुत आणि मांत्रिकाचा धंदा यांत मोठे अंतर आहे. कथा वाचणाऱ्याने लेखकाशी एक करार केलेला असतो : हे खरे नाही हे आपणां दोघांनाही ठाऊक आहे, घटकाभर मानू या. मांत्रिक हा करार करीत नाही. हे खरेच आहे, असे सांगून तो पैसे मागतो. ज्या मुलाने शंभर अद्भुतकथा वाचल्या आहेत, त्याला करार कुठे आहे आणि कुठे नाही, हे लवकर उमगते. पुन्हा नारळीकरांचेच उदाहरण देतो. गणपतीची सोंड डावीची उजवी करून दाखवणारी कथा लिहिणारा हा लेखक, फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेऊन त्याचे दावे टिकत नाहीत हे दाखवणारा शास्त्रज्ञही होता. ज्याची कल्पना मोकळी आहे, त्याची बुद्धी बांधलेली असते असे नाही.

काय द्यावे?

आता नावे. यादी म्हणजे शासकीय परिपत्रक नव्हे. ज्याने त्याने तीत भर घालावी.

दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी माळ्यावर पडलेले ‘चांदोबा’चे जुने अंक खाली काढावेत. बांधणी केलेले गठ्ठे अजून कित्येक घरांत आहेत. जोडीला भा. रा. भागवत. फास्टर फेणे सर्वांना माहीत असतो. पण त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि त्यांची स्वतःची ‘उडती छबकडी’ ही मुलांना अलगद विज्ञानाच्या नवलात घेऊन जाते. याच वयात जी. ए. कुलकर्ण्यांची ‘बखर बिम्मची’ वाचून दाखवावी. जी.ए. बेळगावच्या शाळेत शिकले, आयुष्यभर धारवाडात इंग्रजी शिकवीत राहिले. ते आपल्याच मुलखाचे. मोठ्यांसाठी इतके गहन लिहिणाऱ्या माणसाने लहानग्या बिम्मच्या डोळ्यांनी जग कसे पाहिले, हे मुलांबरोबर पालकांनीही अनुभवावे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरस व चमत्कारिक गोष्टींतले निवडक भाग, ‘वीरधवल’ आणि नारळीकरांच्या कथा द्याव्यात. ‘वीरधवल’ची भाषा प्रथम जड वाटेल, पहिली वीस पाने घरातल्या कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवली की, पुढची मुले स्वतः वाचतात. हॅरी पॉटर मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने बाळ उर्ध्वरेषे यांच्या भाषांतरातून आला आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला चित्रपट आधीच पाठ असतो. त्यामुळे त्याला हे मराठी सोपे जाते, आणि ‘फिलॉसॉफर्स स्टोन’चा परीस होतो तेव्हा आपल्या भाषेत काय दडले आहे, याचा त्याला नवा साक्षात्कार होतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या, एस.एस.एल.सी.च्या उंबरठ्यावरच्या मुलामुलींना धारपांच्या समर्थकथा द्यायला हरकत नाही. मात्र आधी आपण वाचून निवडाव्यात. काही कादंबऱ्यांतले भय प्रौढांसाठीच आहे. याच वयात कन्नडातली एक कादंबरी मी आग्रहाने सुचवतो : पूर्णचंद्र तेजस्वी यांची १९८० ची ‘कर्वालो’. मलनाडच्या जंगलात एका दुर्मीळ उडत्या सरड्याचा शोध घेत निघालेली शास्त्रज्ञ, शेतकरी आणि गावकरी यांची ही मंडळी. जादूचा लवलेश नाही, आणि तरी शेवटी मन थक्क होते. आपल्या मुलांना कन्नड वाचता येते, हे ओझे नसून मिळकत आहे. ती मिळकत परीक्षेच्या गुणांपुरती का वापरावी?

सीमाभागाला याची निकड का?

१९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथे झाला. २००० साली पुन्हा इथेच य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले. भाषेसाठी या भागाने काय सोसले, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या प्रश्नाचा निकाल न्यायालयात आणि राजकारणात लागायचा तेव्हा लागेल. पण भाषा राहते की जाते, याचा एक निकाल दररोज घराघरांत लागत असतो, आणि तो बारा ते सोळा या वयात लागतो.

या वयात मुलाला बालगीते पुरत नाहीत आणि प्रौढ कादंबरी पेलत नाही. त्याला हवे असते नवल, भय, साहस, मैत्री, आणि आपल्यासारखाच कोणी तरी नायक. ते त्याला ज्या भाषेत मिळते, ती त्याची भाषा होते. आज ते त्याला इंग्रजीत मिळते, डब केलेल्या हिंदीत मिळते. आपण त्याला मराठीत काय देतो? थोरांची चरित्रे आणि शुद्धलेखनाच्या वह्या! चरित्रे अवश्य द्यावीत. पण भुकेल्या माणसाला नुसते औषध देऊन चालत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सीमाभागातली पुष्कळ मराठी मुले आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. तरी तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकलेल्या मुलाला देवनागरी येतेच, आणि मराठी तो घरी बोलतोच. अक्षर आहे, कान आहे. दोहोंना जोडणारी सवय तेवढी नाही. ही सवय व्याकरणाच्या पुस्तकाने लागत नाही. पुढे काय झाले असेल, या एका कुतूहलाने लागते. आणि ते कुतूहल अद्भुतकथेइतके दुसरे कोणी जागवीत नाही, हे छत्र्यांच्या वेताळापासून आजवरच्या दोनशे वर्षांनी दाखवून दिले आहे.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. निपाणीत, खानापुरात, खेड्यांतल्या मंडळांतूनही लहानमोठी ग्रंथालये आहेत. त्यांच्या चालकांना एक विनंती आहे. कुमारांसाठी एक वेगळे कपाट करावे, त्यात मराठी आणि कन्नड पुस्तके शेजारी शेजारी लावावीत, आणि त्याला कुलूप लावू नये. तंबाखूच्या वखारीत आणि विड्यांच्या पाटीवर ज्यांच्या आयांचा दिवस जातो, त्या घरांतल्या मुलींना पुस्तक विकत घेणे परवडत नाही. कपाट उघडे असले तर त्या वाचतात, आणि मुलांपेक्षा अधिक वाचतात, हा माझा शाळेतला अनुभव आहे.

पालकांना एवढेच सांगतो. यंदा फराळाच्या ताटाशेजारी एक अद्भुतकथा ठेवा. मुलाने मागितली नसली तरी ठेवा, आणि ती तुम्ही आधी वाचा. मग जेवताना सहज विचारा, “तो वेताळ काय म्हणाला रे शेवटी?” उत्तर मराठीत येईल.